ब्रेक-रूपांतर, अभिजात मोटारगाडीचे

जुन्या मोटारगाडीच्या मागील चाकांवरील मूळचे ड्रम ब्रेक काढून त्यांच्या जागी डिस्क ब्रेक बसविण्याच्या कामास ब्रेक-रूपांतर म्हणतात. पारिभाषिक मराठीत ब्रेकला गतिरोधक, ड्रमला ढोल व डिस्कला चकती असे शब्द आहेत. परंतु कार्यशाळांत ब्रेक, ड्रम व डिस्क हेच शब्द रूढ असल्याने येथेही ते तसेच वापरले आहेत. हे काम वरवर पाहता सुटे भाग बदलण्याइतके सरळ वाटते. प्रत्यक्षात ब्रेकयंत्रणा ही पुढील व मागील चाकांवरील भार, टायरची रस्त्यावरील पकड आणि द्रवाचा दाब यांच्या परस्पर प्रमाणावर बेतलेली असते. मागील ब्रेक अधिक जोरदार केले की गाडी अधिक लवकर थांबते, हा समज चुकीचा आहे. विशिष्ट मर्यादेपलीकडे गेलेले मागील ब्रेक थांबण्याचे अंतर कमी न करता गाडीचे स्थैर्यच घालवितात. म्हणून या रूपांतराचा विचार ब्रेकच्या जोरापेक्षा ब्रेकच्या समतोलाच्या दृष्टीने करावा लागतो.

इतिहास : ड्रम व डिस्क या दोन्ही प्रकारांचा उगम जवळजवळ एकाच वेळी झाला. १९०२ मध्ये फ्रान्समध्ये लुई रनॉ यांनी ड्रम ब्रेक प्रचारात आणला आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचे एकस्व मिळविले. लँचेस्टर यांच्या ब्रेकमध्ये तांब्याची अस्तरे होती. ती कर्कश आवाज करीत आणि त्या काळच्या धुळीच्या रस्त्यांवर लवकर झिजत. ड्रममध्ये घर्षणाचे भाग झाकलेले असतात व थोड्या जोरातही तो चांगला काम करतो. त्यामुळे पुढील सु. पन्नास वर्षे मोटारगाड्यांत ड्रमचेच प्राबल्य राहिले. १९२० नंतरच्या दशकात द्रवाच्या दाबावर चालणारे ब्रेक प्रचारात आले व चारही चाकांवर सारख्या रीतीने जोर पोहोचविणे शक्य झाले.

दुसऱ्या महायुद्धानंतर गाड्यांचा वेग वाढला, तशी ड्रमची उष्णता सहन करण्याची मर्यादा उघड झाली. १९५३ मध्ये ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जॅग्वार कंपनीच्या गाडीने डनलॉप बनावटीच्या डिस्क ब्रेकांच्या साहाय्याने जिंकली. १९५५ मध्ये सीत्रोएन डी एस या गाडीत पुढील चाकांना डिस्क ब्रेक देण्यात आले. त्यानंतर सामान्य गाड्यांतही डिस्कचा प्रसार झाला, तो प्रथम पुढील चाकांवर. अनेक लहान गाड्यांत पुढे डिस्क व मागे ड्रम ही मांडणी आजही कायम आहे. ती केवळ काटकसरीपोटी आलेली नाही. तिच्यामागे यांत्रिकीय कारणे आहेत व त्यांचे विवेचन पुढे आले आहे.

मुंबई व वाशी परिसर : महाराष्ट्रात या विषयाचा संबंध मुख्यतः एका गाडीशी येतो. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीने मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात इटलीतील फियाट कंपनीच्या ११०० या मालिकेतील गाड्या तयार केल्या. १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट, त्यानंतर प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी अशी नावे या गाडीस मिळत गेली. १,०८९ घ. सेंमी. क्षमतेचे एंजिन, २.३४ मी. चाकतळ, सु. ९०० किग्रॅ. वजन, मागे अखंड आस व पाट्यांच्या स्प्रिंगा अशी तिची रचना होती. चारही चाकांवर द्रवाच्या दाबाने चालणारे ड्रम ब्रेक होते. फियाट कंपनीने इटलीत १९६६ मध्ये काढलेल्या ११०० आर या प्रतिरूपास पुढील चाकांवर डिस्क ब्रेक दिले होते. भारतीय गाडी मात्र ड्रमवरच चालत राहिली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींत ही गाडी अनेक दशके प्रमुख होती. टॅक्सींना असलेल्या वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. खाजगी मालकांकडे मात्र अशा गाड्या अजून जपलेल्या आढळतात.

ठाणे खाडीच्या पूर्व तीरावरील वाशी हा नवी मुंबईचा प्रथम विकसित झालेला भाग. सिडको ही संस्था १९७० मध्ये स्थापन झाली आणि १९७३ मध्ये खाडीवरील पूल वाहतुकीस खुला झाल्यावर मुंबईहून पनवेल व पुण्याकडे जाणारा रस्ता वाशीवरून जाऊ लागला. ज्या काळात कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी बाहेर पडू लागली, त्याच काळात हे नगर वसत होते. जुन्या गाडीच्या ब्रेकची परीक्षा पाहणाऱ्या तीन गोष्टी या परिसरात एकत्र आढळतात : रुंद रस्त्यावरील वेगवान व अवजड वाहतूक, जून ते सप्टेंबरमधील जोरदार पाऊस व खाडीची खारट दमट हवा, आणि पुण्याच्या वाटेवरील खंडाळ्याचा घाट. रूपांतराचे फायदेतोटे या तिन्ही कसोट्यांवर पाहणे उपयुक्त ठरते.

दोन्ही प्रकारांचे कार्य : ड्रम ब्रेकमध्ये चाकाबरोबर ओतीव लोखंडाचा पोकळ ड्रम फिरतो. त्याच्या आत स्थिर पाठपत्र्यावर अर्धगोलाकार दोन शू असतात व त्यांवर घर्षणद्रव्याची अस्तरे (लायनर) बसविलेली असतात. ब्रेकचा पायटा दाबला की मास्टर सिलिंडरमधील द्रवाचा दाब चाकाजवळील व्हील सिलिंडरमध्ये पोहोचतो आणि त्याचे दट्टे दोन्ही शू बाहेर ढकलून ड्रमच्या आतील पृष्ठावर दाबतात. ड्रमच्या फिरण्याच्या दिशेत असलेला अग्रगामी शू घर्षणामुळेच ड्रमवर अधिक ओढला जातो, म्हणजे तो स्वतःचा जोर स्वतः वाढवितो. यालाच स्वयंवर्धन म्हणतात. दुसऱ्या शूवर याचा उलट परिणाम होतो. पण दोहोंचा मेळ घालता ड्रम ब्रेक कमी जोरात अधिक रोध देतो.

डिस्क ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणाऱ्या सपाट डिस्कला दोन्ही बाजूंनी घर्षण-पॅड चिमट्याप्रमाणे पकडतात. पॅड व दट्टे धारण करणाऱ्या भागास कॅलिपर म्हणतात. स्थिर कॅलिपरमध्ये दोन्ही बाजूंस दट्टे असतात. सरकत्या कॅलिपरमध्ये एकाच बाजूस दट्टा असून प्रतिक्रियेने कॅलिपर सरकतो व दुसरे पॅड ओढले जाते. येथे स्वयंवर्धन नसते. दट्ट्याच्या जोराशी रोधाचे गुणोत्तर घर्षणगुणांकाच्या दुपटीइतके, म्हणजे गुणांक ०.४ असल्यास ०.८ असते. एक अग्रगामी व एक अनुगामी शू असलेल्या साध्या ड्रममध्ये हेच गुणोत्तर ढोबळपणे २ ते २.५ इतके असते. सारख्या रोधासाठी डिस्कला सु. तिप्पट जोर लागतो तो यामुळे.

स्वयंवर्धनाची दुसरी बाजू अशी की, घर्षणगुणांकातील बदलही त्यामुळे वाढीव प्रमाणात जाणवतो. अस्तर तापून गुणांक ०.४ वरून ०.३ वर आला, तर डिस्कचा रोध एकचतुर्थांशाने घटतो. ड्रमचा त्याहून बराच अधिक घटतो. शिवाय तापलेला ड्रम प्रसरण पावून शूपासून दूर जातो व पायटा खोल जाऊ लागतो. डिस्क तापल्याने जाड होते, त्यामुळे हा दोष तिच्यात उद्‌भवत नाही. पाण्यातून गेल्यावर ड्रममध्ये शिरलेले पाणी चटकन बाहेर पडत नाही. डिस्कवरील पाणी फिरण्यामुळे फेकले जाते व उरलेले पॅड पुसून काढतात. उष्णतेत व पाण्यात सारखे वागणे हा डिस्क ब्रेकचा मुख्य गुण आहे. सपाट व कोरड्या रस्त्यावर एकदाच थांबण्यासाठी सुस्थितीतील ड्रम ब्रेकही चाके जाम करण्याइतका रोध देऊ शकतात. त्यापुढील मर्यादा टायरची असते, ब्रेकची नव्हे.

उष्णतेचा हिशेब : ब्रेक गाडीच्या गतिज ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करतात. चार माणसांसह १,२०० किग्रॅ. वस्तुमानाची गाडी ताशी ८० किमी. वेगाने जात असता तिची गतिज ऊर्जा सु. २९६ किलोजूल असते. यांपैकी सु. एकतृतीयांश मागील दोन ब्रेकांच्या वाट्याला आली, तर प्रत्येकास सु. ५० किलोजूल उष्णता शोषावी लागते. सु. ४ किग्रॅ. ओतीव लोखंडाचे तापमान तीमुळे अंदाजे २५° से.ने वाढते. एका थांबण्यात हे प्रमाण क्षुल्लक आहे.

घाटात स्थिती वेगळी असते. खंडाळ्याहून खोपोलीपर्यंत सु. ५०० मी. उतरताना याच गाडीची सु. ५,९०० किलोजूल स्थितिज ऊर्जा खर्ची पडावी लागते. ती सर्व ब्रेकांवर सोपविली, तर ताशी ८० किमी. वेगावरून लागोपाठ वीस वेळा थांबण्याइतका ताण त्यांच्यावर येतो. यातील मोठा भाग खालच्या गिअरमध्ये एंजिनाच्या रोधाने व हवेच्या विरोधाने उचलला जातो. घाटात गाडी गिअरमध्ये ठेवून उतरण्याचा नियम याकरिताच आहे. न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्या गाडीस डिस्क ब्रेकही फार काळ वाचवू शकत नाहीत. कारण उष्णता अखेर द्रवापर्यंत पोहोचते. डॉट-३ प्रतीच्या ताज्या द्रवाचा उकळबिंदू किमान २०५° से. असतो, हवेतील बाष्प शोषल्यावर तो १४०° से.पर्यंत खाली येऊ शकतो. डॉट-४ प्रतीत हेच आकडे २३०° से. व १५५° से. आहेत. द्रव उकळला की नळ्यांत वाफ होते, वाफ दाबाखाली आक्रसते आणि पायटा दाबूनही ब्रेक लागत नाहीत. खाडीकाठच्या दमट हवेत द्रव लवकर बाष्पयुक्त होत असल्याने तो ठराविक मुदतीने, साधारणपणे दोन वर्षांनी, बदलणे हा कोणत्याही रूपांतरापेक्षा स्वस्त व परिणामकारक उपाय होय.

पुढील व मागील ब्रेकांचा समतोल : ब्रेक लागताच गाडीचा भार पुढे झुकतो. १,२०० किग्रॅ.च्या वरील गाडीत स्थिर असताना पुढील व मागील चाकांवर प्रत्येकी ६०० किग्रॅ. भार आहे आणि तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंमी. उंचीवर आहे, असे गृहीत धरू. ओल्या रस्त्यावर गुरुत्वीय प्रवेगाच्या ०.४ पट मंदनाने ती थांबत असता सु. ११३ किग्रॅ. भार पुढे जातो व चाकांवरील भारांचे शेकडा प्रमाण ५९ व ४१ होते. कोरड्या रस्त्यावर मंदन ०.८ पट असेल, तर सु. २२६ किग्रॅ. भार पुढे सरकून हे प्रमाण ६९ व ३१ होते. म्हणजे जितक्या जोराने थांबावयाचे, तितकी मागील चाकांची पकड कमी होते.

चाक जाम होऊन घसरू लागले की त्याची बाजूस सरकण्याला विरोध करण्याची शक्ती जवळजवळ नाहीशी होते. पुढील चाके आधी जाम झाल्यास सुकाणू काम करीत नाही, पण गाडी सरळ रेषेत घसरत राहते. पायटा किंचित सोडला की ताबा परत येतो. मागील चाके आधी जाम झाल्यास किंचितशा कारणानेही गाडीचा मागील भाग पुढे येऊ पाहतो व क्षणार्धात गाडी फिरते. ती सावरणे सामान्य चालकाच्या आवाक्याबाहेरचे असते. म्हणून सर्व परिस्थितींत पुढील चाके मागील चाकांच्या आधी जाम व्हावीत, हा ब्रेकरचनेचा मूलभूत नियम आहे. आधुनिक गाड्यांत चाके जाम होऊ न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा ही काळजी घेते; जुन्या गाडीत ती नसल्याने सर्व भिस्त मूळ समतोलावर असते.

रूपांतरातील सर्वांत गंभीर धोका येथेच आहे. समजा, मूळ मागील ड्रमचे व्हील सिलिंडर १९ मिमी. व्यासाचे, म्हणजे सु. २.८४ चौ. सेंमी. क्षेत्रफळाचे आहे, ड्रमची त्रिज्या ११० मिमी. व डिस्कची परिणामी त्रिज्या ९५ मिमी. आहे. ड्रमचे गुणोत्तर २.२ व डिस्कचे ०.८ धरल्यास, त्याच दाबाखाली तितकाच रोध मिळविण्यासाठी कॅलिपरच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ सु. ९ चौ. सेंमी. हवे, म्हणजे त्याचा व्यास सु. ३४ मिमी. हवा. जुन्या बाजारात सहज मिळणारे कॅलिपर बहुधा दुसऱ्या गाडीच्या पुढील चाकांचे असतात. त्यांचा दट्टा ४८ मिमी. व्यासाचा असला, तर क्षेत्रफळ सु. १८ चौ. सेंमी. भरते आणि मागील ब्रेकचा रोध मूळच्या दुप्पट होतो. पायटा टणक लागतो, गाडी संथ वेगात झटकन थांबते व काम उत्तम झाल्याचा भास होतो. पहिल्या पावसात पुलावर किंवा वळणावर जोराने ब्रेक दाबताच तीच गाडी फिरण्याचा संभव असतो.

यावर उपाय म्हणून मागील नळीत दाब-मर्यादक झडप बसविता येते. विशिष्ट दाबानंतर ती मागील ब्रेकांकडे जाणाऱ्या दाबाची वाढ कमी करते. तथापि झडप सूक्ष्म जुळवणीसाठी असते; मुळात दुपटीने चुकलेले प्रमाण तिने सुधारण्याची अपेक्षा धरणे योग्य नाही. योग्य व्यासाचा कॅलिपर निवडणे हेच प्रथम कर्तव्य होय.

रूपांतराचा क्रम : मागील डिस्क हा ब्रेकसुधारणेचा शेवटचा टप्पा असावा. वरील आकड्यांवरून दिसते, की कामाचा मोठा भाग पुढील ब्रेक करतात. पुढे ड्रम ठेवून केवळ मागे डिस्क बसविणे हे समतोलाच्या व उष्णतेच्या दोन्ही दृष्टींनी उलट्या क्रमाचे आहे. प्रथम मूळ यंत्रणा निर्दोष करावी. दुसऱ्या टप्प्यात मास्टर सिलिंडरकडे पाहावे. त्या काळच्या बहुतेक गाड्यांत चारही चाकांसाठी एकच द्रवपरिपथ असे. एका नळीस गळती लागली की सर्व ब्रेक जात. दोन स्वतंत्र कक्षांचा मास्टर सिलिंडर बसविल्यास एक परिपथ निकामी झाला तरी दुसरा उरतो. सुरक्षिततेत याइतकी भर दुसरा कोणताही बदल घालीत नाही. तिसऱ्या टप्प्यात पुढील डिस्क व जरूर तर निर्वातावर चालणारा साहाय्यक बूस्टर, आणि अखेर मागील डिस्क, हा क्रम युक्त ठरतो.

मागील आसावरील काम : बहुतेक जुन्या गाड्यांच्या मागील आसाच्या टोकास पाठपत्रा बोल्टांनी जोडलेला असतो. ड्रम, शू व पाठपत्रा काढल्यावर त्याच बोल्टांवर जाड पोलादी पट्टीचा आधार बसवून त्यास कॅलिपर जोडतात. ब्रेक लागताना चाकावरील सर्व आघूर्ण या आधारावर येते. त्यामुळे तो पातळ पत्र्याचा किंवा कसातरी जोडलेला असू नये. कॅलिपरचा मध्य डिस्कच्या मध्याशी जुळणे व डिस्क आसाशी काटकोनात फिरणे आवश्यक असते. डिस्कचे डगमगणे सर्वसाधारणपणे ०.१ मिमी.हून अधिक असल्यास पॅड मागे ढकलले जातात व पायटा खोल जातो.

डिस्कच्या जाडीमुळे चाक बाहेर सरकते का, रिम कॅलिपरला घासते का, आणि चाकाच्या बोल्टांचे पुरेसे आटे नटात बसतात का, हे पाहावे लागते. पद्मिनीच्या १४ इंची रिममध्ये जागा मर्यादित असते. कुर्ल्याच्या सी. एस्. टी. रस्त्यासारख्या बाजारातून वापरलेल्या डिस्क आणल्यास त्यांची जाडी मोजून ती उत्पादकाने डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा अधिक असल्याची खात्री करणे अगत्याचे आहे. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टस असण्याचा संभव असल्याने ड्रममधील भुकटी फुंकून किंवा हवेच्या झोताने उडवू नये. ती ओल्या फडक्याने टिपून घ्यावी. ॲस्बेस्टसचे तंतू श्वासावाटे गेल्यास फुप्फुसांचे असाध्य विकार उद्‌भवतात.

द्रवयंत्रणेतही बदल करावे लागतात. ड्रमसाठीच्या अनेक मास्टर सिलिंडरांत नळीतील थोडासा दाब टिकवून ठेवणारी झडप असते. तो दाब प्रति चौ. सेंमी. सु. ०.७ किग्रॅ. असतो. व्हील सिलिंडरच्या रबरी वाट्या घट्ट राहाव्यात हा तिचा हेतू. ती तशीच राहिल्यास डिस्कवरील पॅड कायम घासत राहून तापतात, म्हणून डिस्कच्या परिपथातून ती काढावी लागते. याउलट मास्टर सिलिंडर फरशीखाली व कॅलिपरपेक्षा खालच्या पातळीवर असल्यास द्रव मागे वाहून जाऊ नये यासाठी सु. ०.१४ किग्रॅ. दाबाची वेगळी झडप घालतात. मोठ्या दट्ट्यास अधिक द्रव लागतो. पॅड व डिस्क यांतील अंतर अत्यल्प असल्याने त्याची काही अंशी भरपाई होते. पायट्याची चाल व जोर यांचा मेळ बसेल अशा व्यासाचा मास्टर सिलिंडर निवडावा लागतो. व्यास वाढविल्यास चाल कमी होते, पण पायावर अधिक जोर पडतो.

हँडब्रेक : मागील डिस्क रूपांतरात सर्वाधिक दुर्लक्षित राहणारा भाग हँडब्रेकचा असतो. ड्रममध्ये तारेने ओढला जाणारा साधा दांडा शू पसरवितो आणि स्वयंवर्धनामुळे थोड्या ओढीत गाडी उतारावर स्थिर राहते. पुढील चाकांसाठी बनविलेल्या कॅलिपरमध्ये अशी कोणतीच सोय नसते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनुसार मोटारगाडीस पायाने चालणारे व उभे ठेवण्याचे असे दोन स्वतंत्र व कार्यक्षम ब्रेक असणे बंधनकारक आहे. म्हणून हँडब्रेक नाहीसा करणारे रूपांतर धोकादायक तर आहेच, पण नियमबाह्यही आहे. गिअरमध्ये गाडी उभी करणे हा त्याला पर्याय नव्हे.

तीन मार्ग उपलब्ध आहेत. पहिल्यात मागील चाकांसाठीच बनविलेला, दट्ट्याच्या आत मळसूत्र व बाहेर तरफ असलेला कॅलिपर वापरतात. दुसऱ्यात डिस्कच्या मधल्या टोपीसारख्या भागात लहानसा ड्रम असतो व त्यात केवळ हँडब्रेकचे शू बसविलेले असतात. तिसऱ्यात तारेने चालणारा वेगळा छोटा कॅलिपर त्याच डिस्कवर बसवितात. त्याची पकड बहुधा सर्वांत कमी असते. काही जुन्या गाड्यांत हँडब्रेक मागील चाकांवर नसून गिअरपेटीमागील शाफ्टवर असतो. तेथे हा प्रश्न उद्‌भवत नाही.

हवामान व वापर : खारट दमट हवेत उघडी लोखंडी डिस्क काही दिवसांत गंजते. रोज चालणाऱ्या गाडीत पॅड हा गंज पुसून टाकतात. पण अभिजात गाडी बहुधा आठवडेच्या आठवडे उभी असते, आणि मागील ब्रेकांवर मुळातच काम कमी असल्याने त्यांच्या डिस्क पुरेशा घासल्या जात नाहीत. परिणामी पृष्ठावर खड्डे पडतात, सरकत्या कॅलिपरच्या कड्या जाम होतात व एकच पॅड झिजू लागते. ड्रम या बाबतीत काहीसे सुरक्षित असले, तरी पावसाळ्यात हँडब्रेक ओढून ठेवलेल्या गाडीचे शू ड्रमला चिकटून बसतात. पावसाळ्यात दीर्घकाळ उभ्या राहणाऱ्या गाडीच्या चाकांना लाकडी अडसर लावून हँडब्रेक मोकळा ठेवणे, आणि पंधरवड्यातून एकदा ती थोडी चालवून ब्रेक वापरणे, ही दोन्ही प्रकारांस लागू पडणारी दक्षता होय.

चाचणी : काम पूर्ण झाल्यावर यंत्रणेतील हवा काढतात व पायटा काही मिनिटे जोराने दाबून धरून प्रत्येक जोड कोरडा असल्याचे पाहतात. दाब धरलेला असताना पायटा हळूहळू खाली जात असेल, तर कोठेतरी गळती आहे असे समजावे. नवी पॅड मध्यम वेगावरून पूर्ण न थांबता अनेक वेळा हलके ब्रेक लावून बसवून घेतात व मधून मधून थंड होऊ देतात. त्यानंतर रहदारी नसलेल्या बंदिस्त जागेत, प्रथम कोरड्या व मग ओल्या पृष्ठावर, कमी वेगापासून सुरुवात करून चाके जाम होईपर्यंत ब्रेक दाबून पाहतात. बाहेर सुरक्षित अंतरावर उभ्या असलेल्या व्यक्तीने कोणती चाके आधी जाम होतात हे पाहावे. मागील चाके आधी जाम झाल्यास गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणू नये. चाचणी केवळ चालकासह, म्हणजे मागील भार कमी असताना, अवश्य घ्यावी. कारण तीच स्थिती सर्वांत प्रतिकूल असते. सु. १०० किमी. धावल्यानंतर सर्व बोल्ट पुन्हा तपासतात.

कायदा व मूळ स्वरूपाचे जतन : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असे फेरफार वाहनात करता येत नाहीत, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीचा कडक अर्थ लावला. त्यामुळे रूपांतरापूर्वी संबंधित प्रादेशिक परिवहन कार्यालयाचे मत लेखी घेणे आणि विमा कंपनीस कळविणे श्रेयस्कर ठरते. वाशीसह नवी मुंबईतील वाहनांची नोंदणी एम्‌एच्‌ ४३ या संकेताखाली होते.

जुलै २०२१ मध्ये केंद्र शासनाने पुरातन वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक जुनी, मूळ स्वरूपात राखलेली व सांगाडा, साटा किंवा एंजिन यांत मोठे फेरफार न झालेली दुचाकी व चारचाकी वाहने त्यांत येतात. त्यांच्या नोंदणी क्रमांकात व्हीए ही अक्षरे असतात व प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, पुरातन वाहनांची फेरी, इंधन व दुरुस्ती अशा कारणांसाठीच ती रस्त्यावर आणता येतात. डिलाइट गाड्या या वयोमर्यादेत केव्हाच आल्या असून १९७४ मधील पहिल्या पद्मिनी २०२४ पासून येऊ लागल्या. १९६६ मध्ये स्थापन झालेली फिव्हा ही जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटनाही ऐतिहासिक वाहनाची व्याख्या करताना किमान तीस वर्षे वय व इतिहासाशी सुसंगत स्थिती या दोन्ही अटी घालते. मूळ भाग टाकून दिलेली गाडी या दृष्टीने काहीशी उणी ठरते.

म्हणून रूपांतर करावयाचेच असल्यास ते उलट फिरविता येईल असे असावे : आसाच्या नळीवर जोडकाम किंवा कापाकापी न करता केवळ मूळ बोल्टांवर भाग बसवावेत, काढलेले ड्रम, पाठपत्रे व शू तेल लावून जपून ठेवावेत आणि बदलांची मापांसह नोंद गाडीच्या कागदपत्रांत ठेवावी. घाटातून व पावसाळ्यात नियमित चालणाऱ्या, पुढील डिस्क व दुहेरी परिपथ आधीच बसविलेल्या गाडीस योग्य मापाच्या मागील डिस्कचा फायदा होतो. क्वचित बाहेर पडणाऱ्या गाडीस मात्र मर्यादेत कातलेले ड्रम, त्यांच्या गोलाईशी जुळविलेली नवी अस्तरे, नवे व्हील सिलिंडर व रबरी नळ्या आणि ताजा द्रव एवढे पुरेसे ठरते.